भाऊ २० वर्षांचा, डिप्रेशन आहे. घरात त्याच्याशी बोलायचं कसं?

खिडकीपाशी

माझा भाऊ २० वर्षांचा आहे, मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. गेले चार महिने तो जवळजवळ खोलीतच असतो. कॉलेज सुटल्यातच जमा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन असल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि दर आठवड्याला थेरपी सुचवली. इथपर्यंत यायलाच आम्हाला खूप उशीर झाला, पण ते आता उगाळत बसत नाही.

माझा प्रश्न औषधांबद्दल नाही, घराबद्दल आहे. डॉक्टर आणि थेरपी मिळून आठवड्यातला तास-दीड तास होतो. उरलेला सगळा वेळ तो आमच्यात असतो आणि आम्हाला त्याच्याशी बोलताच येत नाहीये.

परवाचंच सांगते. सकाळी साडेदहाला आई त्याच्या दारात उभी राहिली. "उठलास का रे? बरं वाटतंय का? रात्री झोप लागली? गोळी घेतलीस? आज अंघोळ करतोस ना?" एका दमात पाच प्रश्न. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. काही बोलला नाही, पांघरूण कानावर ओढून घेतलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "एवढं सगळं करतोय आपण त्याच्यासाठी, साधं उत्तर देता येत नाही?" मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आई-बाबा वाईट नाहीत. दोघंही घाबरलेले आहेत. मीही आहे. खोलीच्या बाहेर मी कितीतरी वेळा नुसतीच उभी राहते आणि काय बोलायचं ते न सुचून परत फिरते.

आणखी एक गोष्ट आहे, ती आई-बाबांना सांगितलेली नाही. गेल्या आठवड्यात रात्री त्याच्या खोलीतली पाण्याची बाटली भरून ठेवायला गेले होते. तो म्हणाला, "ताई, मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं." मी पटकन म्हणाले, "वेड्यासारखं काहीतरी बोलू नकोस." आणि बाहेर आले. त्यानंतर मला नीट झोप नाही. मी त्याला पुढे काहीतरी विचारायला हवं होतं का? की विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात तेच बसेल?

ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा घरात पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

पानगळ

मी २३ वर्षांची आहे. पहिल्यांदा सतराव्या वर्षी झालं, पुन्हा एकविसाव्या. सध्या बरी आहे, गोळ्या अजून चालू आहेत.

तुझ्या आईचे पाच प्रश्न वाचून पोटात गोळा आला. माझ्या आईचेही हेच असायचे, जवळपास याच क्रमाने. त्यामुळे आतून ते कसे ऐकू येतात ते सांगते.

"बरं वाटतंय का?" याला माझ्याकडे उत्तरच नसायचं. हो म्हणाले तर खोटं, आणि बरं वाटतंय तर मग ऊठ, हे ओघाने आलंच. नाही म्हणाले तर समोर आईचा चेहरा उतरायचा, आणि तो उतरलेला चेहराही माझ्याच खात्यावर जमा व्हायचा. आधीच वाटत असायचं की मी सगळ्यांवर ओझं आहे. मग गप्प बसणं त्यातल्या त्यात कमी नुकसानीचं वाटायचं. तुझ्या भावाचं गप्प बसणं उद्धटपणाचं नाही, एवढं तुझ्या बाबांपर्यंत कसंही करून पोचव.

आणि अंघोळ. बाहेरच्या माणसाला हे आळस वाटतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते. मी दात घासायला उठायचं म्हणून तासभर पडून असायचे. मजेत लोळत नव्हते. मनात एकेक पायरी मोजत असायचे: पांघरूण बाजूला करायचं, पाय खाली ठेवायचे, बारा पावलं चालायचं, दिवा लावायचा, आरशात तोंड दिसणार, पेस्टचं झाकण उघडायचं. झाकणापर्यंत पोचेतो इतकी थकून जायचे की पुन्हा पहिल्यापासून. त्या तासाभरात कुणी येऊन "अजून लोळतेयस?" म्हणालं की संपलंच.

सकाळ सगळ्यात वाईट असायची. संध्याकाळी सहानंतर थोडं सुटल्यासारखं व्हायचं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण तुझ्या भावाचं कधी थोडं बरं असतं ते चार दिवस नुसतं बघ. साडेदहा ही वेळ बहुतेक चुकीची आहे.

मला कुणाची मदत झाली असेल तर मावशीची. ती शिक्षिका आहे. आठवड्यातून तीन दिवस यायची, माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसायची आणि वह्या तपासायची. माझ्याशी बोलायची नाही. लाल पेनाचा कागदावर टिक केल्याचा आवाज तेवढा यायचा. तासाभराने उठायची, "परवा येते गं" म्हणायची आणि जायची. पहिले दोन आठवडे मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा ती आली नाही, ताप होता तिला. त्या दिवशी मी दिवसभर दाराकडे बघत होते.

म्हणून माझं म्हणणं: प्रश्न कमी करा आणि आसपास जास्त राहा. विचारायचंच असेल तर मान हलवून उत्तर देता येईल असं विचारा. "दार लावू की उघडं ठेवू?" "दिवा बंद करू?" एवढंच. तू बाटली भरून ठेवतेस ना, ते करत राहा. त्याला ते कळतं.

त्या रात्रीच्या वाक्याबद्दल मी लिहीत नाही, जाणकारांनी लिहावं. पण ते सोडून देऊ नकोस.

सरळमार्गी

तुमची तळमळ पोचली. माझ्या अनुभवावरून सांगतो. नोकरी गेल्यावर मीही वर्षभर खचलो होतो. रोज पहाटे पळायला लागलो, मोबाईल बाजूला ठेवला, सहा महिन्यांत माणूस झालो. तरुण मुलाला इतक्या लवकर गोळ्यांवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांची सवय लागते. त्याला जरा कडक शिस्त लावा, उठवा, घराबाहेर काढा. प्रेमापोटीच सांगतोय.

मधलाबाक

सरळमार्गी, तुमच्यासारखाच विचार करणारा बाप मी होतो, म्हणून लिहितो. वादासाठी नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची असताना सुरू झालं. आम्हाला पहिलं वर्ष कळलंच नाही, कारण ती रडत नव्हती, चिडत होती. दार आपटायची, धाकट्यावर ओरडायची, शाळेतून तक्रारी यायच्या. आम्हाला वाटलं, वय आहे, माज आहे. खूप पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या वयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपातही येतं, निदानाच्या निकषांमध्येच लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी तशी नोंद आहे. वर्षभर मी त्या आजाराला शिक्षा करत होतो.

निदान झाल्यावर मी काय केलं? शिस्त. सकाळी सहाला उठवायचं, फिरायला न्यायचं. ती यायची. शेजारून यंत्रासारखी चालायची. एके दिवशी रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, मला जमत नाही आणि तुम्हाला ते दिसत नाही." अजून ऐकू येतं मला ते.

व्यायामाचा उपयोग होतो, हे खरंच आहे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात चांगला होतो, डॉक्टरही सांगतात. पण ज्याला पाय खाली ठेवणं जड आहे त्याला पळायला सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणं. पुढे तिच्या थेरपिस्टने तेच फिरणं वेगळ्या तऱ्हेने सुरू केलं. फक्त फाटकापर्यंत. जाऊन परत. आठवडाभर तेवढंच. मन झालं की करू असं म्हणत थांबायचं नाही, पण कृती इतकी छोटी ठेवायची की ती फसूच नये. आणि ती ठरवायची तिने, मी नाही. मी म्हणायचो, "मी फाटकापर्यंत चाललोय, येतेस?" नाही म्हणाली की एकटा जाऊन यायचो, चेहरा न पाडता. हे चेहरा न पाडणं मला शिकायला सगळ्यात जड गेलं.

आणखी एक. आम्हा नवरा-बायकोला एकदा बोलावून घेतलं होतं, तेव्हा १९७६ सालच्या एका अभ्यासाबद्दल ऐकलं. लंडनमध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला होता. घरचे लोक रुग्णाबद्दल किती टीकेच्या सुरात बोलतात ते त्यांनी मोजलं. टीका जास्त त्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, आणि स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णांपेक्षा नैराश्याच्या रुग्णांना फार थोडी टीकाही पुरत होती. ते ऐकल्यावर मी घरी येऊन दिवसभरातली माझी वाक्यं आठवायला बसलो. "आज तरी", "निदान एवढं तरी", "तुझ्या वयाची मुलं". प्रत्येक वाक्यात "तरी". मला ती टीका वाटतच नव्हती, काळजी वाटत होती.

खिडकीपाशी, तुझ्या बाबांना मी नावं ठेवणार नाही. त्यांना एखादं काम नेमून दे. घाबरलेल्या बापाला काम मिळालं की तो कमी बोलतो. आमच्याकडे गोळीचं विचारायचं काम एकट्या माझ्याकडे होतं. रोज रात्री एकदा, तेही डबीतला कप्पा रिकामा दिसला नाही तरच. बाकी कुणी विचारायचं नाही. पहिल्याच आठवड्यात घरातला आवाज निम्म्यावर आला.

आडवीरेघ

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न तपासलेल्या माणसाबद्दल इथे बसून मत देणार नाही, पण काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत, त्या लिहिते.

खिडकीपाशी, आधी त्या रात्रीचं. विचार. आजच विचार. सरळ शब्दांत: "तू त्या दिवशी जे बोललास ते माझ्या डोक्यात आहे. जिवाचं काही करून घ्यावं असे विचार येतात का तुला?" आडून आडून, "तसं काही करणार नाहीस ना?" असं नको. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं आणि समोरचा आपल्याला धीर देण्यासाठी "नाही" म्हणून मोकळा होतो.

विचारल्याने डोक्यात बसतं ही समजूत फार घट्ट आहे, आणि तिच्यामुळे फार नुकसान होतं. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. उलट, आधीपासून नैराश्य असलेल्या मुलांचा ताण थोडा कमीच दिसला. ज्याच्या मनात हे असतं त्याला विचारणारा भेटला की एकटेपणा हलका होतो, असं मी रोज बघते.

तो "हो" म्हणाला तर घाबरून भाषण देऊ नको. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हण आणि ऐक. किती वेळा येतात, आज येतायत का, काही ठरवलंय का, हे विचार. ठरवलं असेल, साधन जवळ असेल किंवा आजचंच बोलत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन विभाग गाठायचा. तुम्ही जिथे असाल तिथली हेल्पलाइन आणि आपत्कालीन सेवेचा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, त्या वेळी शोधायला लागू नये. ठरवलेलं काही नसेल तरी डॉक्टरांना पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. आणि हे गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही. "मी एकटीने हे पेलू शकत नाही, पण तुला न सांगता कुणाला सांगणार नाही," एवढं म्हणता येतं.

घरातली सगळी औषधं, त्याचीच नव्हे तर मोठ्यांचीही, कुलपात. त्याच्या हातात आठवड्याभरापेक्षा जास्त गोळ्या नकोत. आवेग पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

आता गोळ्यांबद्दल, सरळमार्गींनी विषय काढलाच आहे म्हणून. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही. मात्र त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोप बिघडणं, डोक्यात झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून हळूहळू कमी करतात. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा-आठही. गंमत नाही पण दुर्दैव असं की मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे आधी येतं आणि आराम नंतर. बरेच जण नेमके दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, पूर्वी होऊन गेलं असेल तर जास्त.

एक इशारा मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००४ साली मुलं आणि किशोरवयीनांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांमध्ये दिसलं, नुसती साखरेची गोळी, म्हणजे औषध नसलेली, घेणाऱ्या सुमारे २ टक्क्यांमध्ये. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. अर्थ असा, की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं. अचानक वाढलेली तगमग, अजिबात झोप नसणं, नेहमीपेक्षा वेगळी आक्रमकता दिसली की फोन करायचा.

औषध की थेरपी हा वादही दर वेळी होतो. २००४ साली १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. बारा आठवड्यांनंतर दोन्ही मिळून घेतलेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी घेतलेल्यांपैकी जवळजवळ ६१, फक्त विचार-वर्तन थेरपीवाले ४३ आणि साखरेची गोळीवाले ३५ टक्के. तुमचा भाऊ त्या वयाचा नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण दोन्ही सुरू असणं ही वाईट गोष्ट नक्कीच नाही. सौम्य आजारात मात्र नुसत्या थेरपीने सुरुवात करतात, प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि त्याला पूर्वी कधी उलट प्रकार झाला होता का ते आठवा: आठवडाभर दोन-तीन तास झोपून ताजातवाना, तोंडाची टकळी सुरू, हजार बेत. घराण्यात कुणाला तसं होतं का? असेल तर डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं, कारण मग औषधांचा मार्गच वेगळा असतो.

तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याने आत काय सांगितलं ते डॉक्टर तुम्हाला सहसा सांगणार नाहीत. पण तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता. घरी काय दिसलं ते चार ओळींत लिहून द्या, आणि दिलं हे त्यालाही सांगा.

सरळमार्गी

आडवीरेघ, मधलाबाक, दोघांचं वाचलं. माझी अवस्था आणि या मुलाची अवस्था एकच आहे असं मी गृहीत धरलं, ते चुकलं. मला तेव्हा पळायची इच्छा तरी होत होती. फाटकापर्यंतचं मनात राहील.

धाकटी_मी

मी इथे फक्त वाचत असते, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या दादाला होतं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. माझ्या दहावीचा निकाल लागला तेव्हा आईने मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "दादासमोर फार उड्या मारू नकोस." मला तिचा राग नाही. पण नंतर कितीतरी वर्षं काही चांगलं झालं की मला आधी अपराधी वाटायचं.

दादा बरा झाल्यावर एकदा म्हणाला, "तुझ्या निकालाच्या दिवशी तू नाचली असतीस तर मला बरं वाटलं असतं. घरात काहीतरी नेहमीसारखं चाललंय, एवढं तरी दिसलं असतं."

ताई, तू सव्वीस वर्षांची आहेस. तुझी नोकरी, मैत्रिणी, तुझं स्वतःचं काही चालू आहे का? की तेही चार महिने बंद आहे?

पानगळ

धाकटीला +१. माझ्या आजारात मला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर सगळ्यांची आयुष्यं माझ्याभोवती थांबलेली दिसणं.

खिडकीपाशी

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. धाकटी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बंद आहे. त्यावर नंतर लिहीन.

काल रात्री विचारलं. बाटली घेऊन गेले, पण ठेवून लगेच बाहेर आले नाही. जमिनीवर पलंगाला टेकून बसले, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये. वाक्य पाठ करून गेले होते, तरी आवाज कापला. आडवीरेघ यांनी लिहिलं तसंच विचारलं.

तो खूप वेळ गप्प होता. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "येतात." मी विचारलं, आज? म्हणाला, "आज नाही. रविवारी होते." काही ठरवलंयस का? "नाही. फक्त सकाळी जाग येऊ नये असं वाटतं." मी सांगितलंस ते बरं केलंस म्हणाले आणि त्यानंतर काहीच सुचलं नाही. दोघंही तसेच बसलो. मग तोच म्हणाला, "तू त्या दिवशी पळून गेलीस ना, तेव्हा वाटलं तुला किळस आली."

किळस! मी भीतीने पळाले होते आणि तो आठवडाभर हे मनात धरून बसला होता.

त्याला सांगूनच आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उद्याच बोलावलंय. औषधं कुलपात ठेवली. बाबांना सगळं सांगितलं, आईलाही. बाबा काही बोलले नाहीत, उठून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः माझ्या हातात आणून दिल्या.

आडवीरेघ

फार चांगलं केलंस. हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. रोज नको, पण काही दिवसांनी पुन्हा विचार, त्याच साध्या सुरात. आणि उद्या आत गेल्यावर हे तो स्वतः सांगेल की तू सांगायचंस, ते आज त्यालाच ठरवू दे.

मधलाबाक

कॉलेजचं ओझं डोक्यावर असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन रीतसर रजा मागा. माझ्या मुलीचं एक वर्ष गेलं. तेव्हा ते वर्ष म्हणजे आभाळ कोसळल्यासारखं वाटलं होतं. आता ती १९ वर्षांची आहे आणि त्या वर्षाचा विषयसुद्धा निघत नाही. नातेवाइकांना काय सांगायचं हेही त्यालाच विचारा. आमची म्हणाली होती, "तब्येत बरी नाही म्हणा, खोटं नाहीये ते." तेवढंच सांगत आलो.

खिडकीपाशी

सहा आठवड्यांनी येतेय. काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, सगळ्यांना एकत्रच सांगते.

मधे डोस वाढवला. त्यानंतरचे चार-पाच दिवस तो फार बेचैन होता, रात्रभर खोलीत येरझाऱ्या. तुम्ही सांगितलं होतं म्हणून आम्ही थांबलो नाही, फोन केला. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, झोपेसाठी थोडे दिवस वेगळं काही दिलं. आता गेले दोन आठवडे सकाळी नऊच्या आसपास उठतो. परीक्षा दिली नाही. रजेचा अर्ज गेलाय.

आईचे पाच प्रश्न एकदम बंद झाले नाहीत. पण ती आता संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसते, पानगळच्या मावशीसारखी. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी तोंड उघडायची आणि मिटायची. मागच्या आठवड्यात त्याने तिच्या हातातून स्वतःचा शर्ट घेतला आणि घडी घातली. आईने बाहेर येऊन मला हे असं सांगितलं, जणू तो पहिल्यांदा चालायला लागला होता. मी म्हणाले, त्याच्यासमोर टाळ्या नको वाजवूस. तिने नाही वाजवल्या.

वाईट दिवस अजून आहेत. परवा माझ्यावर ओरडला, मी त्याच्या टेबलावरचे कागद आवरले म्हणून. मीही ओरडले. मग रात्री पुन्हा जमिनीवर बसून तो प्रश्न विचारला. म्हणाला, "नाही. आज नुसता राग आला होता." आम्ही दोघंही हसलो, किती दिवसांनी.

धाकटी, मी शनिवारी मैत्रिणींकडे जाऊन आले. चार तास. तिथे तीनदा फोन बघितला, चौथ्यांदा बघितला नाही.

पुढची भेट बुधवारी आहे. घरी काय दिसलं त्याच्या चार ओळी मी लिहिल्यात, त्याला वाचून दाखवल्या. त्यातली एक त्याने खोडायला लावली आणि म्हणाला, "हे मी सांगतो." यावेळी आत तो एकटा जाणार आहे. मी बाहेर बसेन.